वारा आत कुठून, बाहेर कुठून

पनवेलहून सुकापूरच्या रस्त्याने माथेरानच्या डोंगराकडे निघालं की गाढी नदीच्या खोऱ्यात नेरे लागतं. कुष्ठरोग्यांसाठी उभं राहिलेलं शांतिवन इथलंच. सिडकोने 'नैना' या नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राच्या पहिल्या टप्प्यासाठी जी २३ गावं निवडली त्यांत नेरे आहे आणि नेरेपाडाही आहे. त्यामुळे भाताच्या खाचरांशेजारी आता बांधकामाची धूळ उडते, आणि सातबारा, प्रवेशअर्ज, आधारची दुरुस्ती या सगळ्यांत संगणकावाचून कोणाचं पान हलत नाही. असल्या गावातला संगणक बहुधा पत्र्याखालच्या गाळ्यात, भिंतीला पाठ टेकवून बसलेला असतो. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास तो आपोआप बंद पडला की पहिला संशय विजेवर जातो, दुसरा व्हायरसवर. पेटी उघडून कोणी पाहिलंच, तर प्रोसेसरवरचा पंखा व्यवस्थित फिरत असतो, म्हणून तो निर्दोष सुटतो.

वास्तविक गुन्हा तिथेच असतो. पंखा फिरतो आहे एवढ्याने भागत नाही. तो कुठली हवा उचलतो आणि कुठे नेऊन टाकतो, यावर सगळं अवलंबून. मुंबई, पुणे आणि पनवेल या पट्ट्यात हा प्रश्न गेली सत्तर वर्षं निरनिराळ्या रूपांत सोडवला जातो आहे. या काळात गारव्याने जागा बदलली ती अशी: आधी तो खोलीत होता, मग पेटीत आला, पेटीतून थेट चिपवर चढला, आणि आता मोठ्या यंत्रांपुरता पुन्हा खोलीत निघाला आहे.

सुरुवात मुंबईतली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने १९५६ मध्ये आधी एक नमुना-यंत्र चालवून पाहिलं. पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत कामाला लागलं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. १८ फूट लांब, ८ फूट उंच आणि अडीच फूट खोल असा पोलादी सांगाडा, हात घालता यावा म्हणून दोन्ही अंगांना पोलादी दारं, आणि आत २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. व्हॉल्व्हचं एक विचित्र असतं: तो तापल्याशिवाय कामच करत नाही. त्याच्या तापतंतूला दोनेक वॅट लागतात असं धरलं तरी २,७०० व्हॉल्व्हचे जवळपास साडेपाच हजार वॅट नुसते ऊब देण्यात जातात. पुढचा हिशेब त्यानंतर. म्हणजे मुंबईच्या दमट हवेत पाच-सहा रूम हीटर एका कपाटात लावून ठेवण्यासारखाच प्रकार. फिलाडेल्फियाचा एनियाक तर १९४६ मध्ये दीडशे किलोवॅट खात होता.

व्हॉल्व्हला उष्णता हवी, पण शेजारच्या जर्मेनियमला ती अजिबात सोसत नाही. तापमान दहाएक अंशांनी वाढलं की जर्मेनियम डायोडमधून उलट दिशेने झिरपणारा प्रवाह साधारण दुप्पट होतो, आणि 'नाही' म्हणायच्या जागी यंत्र 'बहुतेक नाही' म्हणू लागतं. एकाच सांगाड्यात असे दोन शेजारी नांदवायचे, तर त्यांच्यामधून हवा खेळती ठेवण्याला पर्याय नव्हता.

१९६४ मध्ये त्याच संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० आला. ट्रान्झिस्टरचं यंत्र, म्हणजे तापतंतूचा खर्च मिटला. पण ट्रान्झिस्टर दाटीवाटीने बसवता येतात म्हटल्यावर ते दाटीवाटीने बसवलेच गेले. त्याच कंपनीच्या पुढच्या यंत्रात, सीडीसी ६६०० मध्ये, सेमूर क्रे यांच्या गटातल्या डीन राउश यांनी चक्क फ्रीजमधला फ्रिऑन वायू नळ्यांतून फिरवला. राउश मुळात रेफ्रिजरेशनचाच माणूस.

मुंबईत वातानुकूलनाचा धंदा तोवर रुजलेला होता. ब्लू स्टार १९४३ ची, व्होल्टास १९५४ ची. १९६१ मध्ये एस्सो कंपनीच्या मुंबई कार्यालयात आयबीएम १४०१ आला, आणि पुढे विमा, बँका, कापडगिरण्या, सरकारी खाती यांच्याकडे जी यंत्रं आली त्यांच्यासोबत एक ठरलेली खोली आली: काचेचं दार, उचललेली खोटी जमीन, जमिनीखालून येणारी थंड हवा. यंत्रातल्या पंख्याला फारसं डोकं चालवावं लागत नसे. तो आसपासची हवा उचले, आणि आसपासची हवा वीस-बावीस अंशांची असे. मे असो की ऑक्टोबर, त्या खोलीत कायम माघच.

याच खोलीने एक रिवाज रूढ केला, तो म्हणजे चपला बाहेर काढण्याचा. संगणकीकरणाबाबत बँक कर्मचारी संघटनांशी झालेल्या १९८३ च्या करारानंतर आणि रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत लेजर-पोस्टिंगची यंत्रं आली, तेव्हा कर्मचारी घामाघूम आणि यंत्र मात्र एसी केबिनमध्ये हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कारकुनाला न मिळालेला एसी यंत्राला मिळाला. चपलांचा रिवाज शाळांतही पोचला. १९८४-८५ मध्ये 'क्लास' योजनेतून शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो मिळाले. या यंत्रात पंखाच नव्हता, त्यामुळे धूळ ओढून घेणारं असं त्यात काही नव्हतं. तरीही मुलं खोलीबाहेर चपलांची रांग लावूनच आत जात. चपलांच्या रिवाजाला मोठ्या यंत्रांच्या खोलीत खरं कारण होतं, कारण डिस्कचं डोकं आणि तबकडी यांच्यामधल्या फटीपुढे धुळीचा कण म्हणजे डोंगर. शाळेत कारण गळून पडलं आणि आदर तेवढा शिल्लक राहिला. तोही वाईट नव्हे. जमीन निदान स्वच्छ राहिली.

१९८१ चा आयबीएम पीसी बाजारात आला तो खोलीची अट मोडून. त्याच्या वीजपुरवठ्याची क्षमता साडेत्रेसष्ट वॅटची, म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बएवढी. आतला ८०८८ प्रोसेसर उघडाच, त्यावर ना धातूचा ठोकळा ना पंखा. सगळ्या पेटीत मिळून एकच पंखा, तोही मागच्या कोपऱ्यात वीजपुरवठ्याच्या डब्यात. तो आतली हवा बाहेर फेके, आणि रिकामी झालेली जागा भरायला बाहेरची हवा फटींतून आपसूक आत येई. एवढी तजवीज पुरेशी होती. हा एक पंखासुद्धा नको असं ठरवणारेही होते. १९८० चा ॲपल थ्री पंख्याविना बनवला गेला, आणि चिपा सॉकेटमधून सैल होऊ लागल्यावर यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा, असा उपाय सांगण्याची वेळ आली.

भारतात १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयात सैल झाली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडचे दिवस आले. कागदोपत्री हा डॉ. भडकमकर मार्ग. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव मात्र लोकांच्या तोंडून काही जाईना. रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या त्या रस्त्यावर आता मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट यांचे ढीग लागले. भाग सुटे घ्यायचे आणि जुळवून द्यायचे, हा 'असेंबल्ड'चा धंदा इथून ठाणे, कल्याण, पनवेल असा पसरत गेला. कंपनीच्या यंत्रात हवेची वाट कुठल्या तरी अभियंत्याने आखलेली असे. असेंबल्ड यंत्रात ती आखायची जबाबदारी स्क्रूड्रायव्हर धरणाऱ्या पोराकडे आली, आणि आपल्याकडे अशी काही जबाबदारी आली आहे याचा त्याला बराच काळ पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो इंटेलच्या ४८६ प्रोसेसरच्या अखेरीस. १९९२ चा ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स-टू उघडा ठेवून चालेना. त्यावर ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, आणि ठोकळ्यावर काडेपेटीएवढा पंखा बसू लागला. १९९३ च्या पहिल्या पेंटियमने पाच व्होल्टवर पंधराएक वॅट उष्णता सोडली आणि प्रोसेसरचा पंखा ही चैन राहिली नाही. स्लीव्ह-बेअरिंगचे ते चिमुकले पंखे वर्ष-दीड वर्षात घरघरू लागत. त्यावर एक ठरलेला इलाज होता. पंख्याच्या मधल्या चकतीवरचा स्टिकर नखाने अर्धा सोलायचा, खालचं रबरी बूच असेल तर उचलायचं, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आत सोडायचा आणि स्टिकर पुन्हा दाबून बसवायचा. तेल जास्त झालं की ते स्टिकरखालून पाझरे, पात्यांवर चढे आणि त्यावर आणखी धूळ बसे. हा इलाज आजही चालतो, आणि आजही तेल जास्तच पडतं.

पण जागेचा प्रश्न उरलाच होता. जुन्या एटी मदरबोर्डावर प्रोसेसर पेटीच्या पुढच्या भागात, लांबलचक कार्डांच्या वाटेत येई. हीटसिंक उंच झाला की कार्ड बसत नसे, आणि कार्ड बसवलं की पंख्याचा श्वास कोंडे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी रचना आणली. बोर्ड काटकोनात फिरवला आणि प्रोसेसर वीजपुरवठ्याजवळ नेला. आजही बाजारात मिळणारी बहुतेक कॅबिनेटं याच रचनेची पोरं-नातवंडं आहेत.

या रचनेच्या पहिल्या मसुद्यात एक गंमत होती, ती आता फारशी कोणाला आठवत नाही. वीजपुरवठ्यातल्या पंख्याने हवा बाहेर फेकायच्या ऐवजी बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडावी, अशी ती योजना होती. म्हणजे प्रोसेसरला वेगळा पंखा नको, एकाच पंख्यात दोन कामं. कागदावर छान. प्रत्यक्षात ती हवा आधी वीजपुरवठ्यातून तापून येई आणि मग प्रोसेसरला भेटे. कोकणातल्या जुन्या घरात पुढचं दार आणि परसदार एका रेषेत ठेवतात, वारा ओटीवरून शिरतो आणि मागे निघून जातो. चूल मात्र त्या रेषेच्या शेवटाकडे असते. इंटेलने चूल उंबऱ्यावर मांडली होती. पुढच्या आवृत्त्यांत हा पंखा पुन्हा बाहेर फुंकू लागला आणि प्रोसेसरने स्वतःचा पंखा कायमचा डोक्यावर घेतला.

दोन हजार सालाच्या आसपास लॅमिंग्टन रोडवर एएमडीच्या ॲथलॉनची चलती होती. स्वस्त, चपळ आणि तापट. त्याच्या माथ्यावर धातूचं झाकण नसे, नुसतं नखाएवढं उघडं सिलिकॉन. हीटसिंकची स्प्रिंगवाली पट्टी चपट्या स्क्रूड्रायव्हरने दाबून सॉकेटच्या आकड्यात अडकवायची. स्क्रूड्रायव्हर घसरला तर मदरबोर्डावरच्या तांब्याच्या रेघा कापल्या जात, ठोकळा तिरका बसला तर सिलिकॉनचा कोपरा उडे. असे कोपरे उडालेले प्रोसेसर डब्यात जपून ठेवलेले असत, शिकाऊ पोरांना दाखवायला.

मग आला पेंटियम फोर. २००४ च्या फेब्रुवारीत आलेल्या त्याच्या 'प्रेस्कॉट' अवताराने उष्णतेचा आकडा शंभर वॅटच्या घरात नेला. इंटेलने त्याआधीच पेटी बनवणाऱ्यांसाठी एक दंडक घालून दिला होता: खोलीचं तापमान ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याच्या तोंडाशी येणारी हवा ३८ अंशांपेक्षा गरम असता कामा नये. त्यासाठी कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला जाळी पाडायची आणि तिथून प्लास्टिकचं नळकांडं थेट पंख्यावर उतरवायचं. त्या काळातल्या आपल्या बाजारातल्या कॅबिनेटांना असं नळकांडं असे. बरेचदा ते आखूड पडे किंवा पंख्याला घासे, आणि मग जुळवणारा ते काढून खोक्यात परत टाकून देई.

दंडकातला ३५ हा आकडा कुठल्या हवेत ठरला असेल ते उघड आहे. साधं गणित मांडून पाहावं. हीटसिंक आणि पंखा मिळून दर वॅटमागे ०.३ अंश वाढ होऊ देत असतील, तर शंभर वॅटच्या प्रोसेसरचं तापमान पंख्याच्या तोंडाशी असलेल्या हवेपेक्षा तीस अंशांनी चढं राहणार. हवा ३८ अंशांची असेल तर प्रोसेसर ६८ वर थांबतो आणि काम सुरू राहतं. पत्र्याखालचा गाळा ४० अंशांवर असेल, कॅबिनेटमध्ये आणखी आठ-दहा अंशांची भर पडली असेल, तर तोच प्रोसेसर ऐंशीला पोचतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही न भागलं तर बंद पडतो. पंखा मोठा केल्याने हे गणित थोडंच बदलतं, कारण ०.३ चा ०.२५ करायला बराच आवाज आणि पैसा खर्च होतो. पंख्याच्या तोंडाशी येणारी हवा पाच अंशांनी थंड मिळाली तर मात्र प्रोसेसरही सरळ पाच अंशांनी उतरतो. फुकट.

ती फुकटची सवलत आपण हातांनी घालवली, आणि त्यात सुतारांचा वाटा मोठा. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून घराघरांत आलेलं 'कॉम्प्युटर टेबल' आठवावं. सनमायका लावलेलं, खाली चाकं, सरकता कीबोर्डचा फळा, आणि उजव्या बाजूला कॅबिनेट ठेवायला बंदिस्त कप्पा. कप्प्याला कधी कधी दारसुद्धा, वर कुलूप. मागे वायरींपुरतं एक गोल भोक. कॅबिनेट मागून जी गरम हवा फेके तीच कप्प्यात गोल फिरून पुढून आत शिरे. यंत्र बंद असताना त्यावर शिवून घेतलेलं कव्हर चढे, आणि घाईच्या दिवशी ते कव्हर माथ्यावर तसंच राही.

याच्या उलट टोकाचा उपायही आपलाच. बाजूचा पत्रा कायमचा काढून ठेवायचा आणि टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून लावायचा. पाच-सात अंशांचा फरक त्याने ताबडतोब पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढून आत आणि मागून बाहेर ही वाट मोडते, पुढच्या भागातल्या हार्डडिस्कवरून जाणारा वारा थांबतो आणि टेबलफॅन खोलीतली सगळी धूळ आत आणून ओततो. पावसाळ्यात मग त्या धुळीला दमटपणा धरतो. पालीही याच वाटेने येतात. ऊब त्यांनाही आवडते.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत, मग मोठ्या गावांत संगणक केंद्रं उघडली. पुढच्या दशकात ग्रामपंचायतींतही संगणक पोचला, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागल्यावर तो चोवीस तासांचा सोबती झाला. संगणक केंद्रांत एका खोलीत दहा-पंधरा यंत्रं, सगळी भिंतीला पाठ लावून, एकमेकांना खेटून: एकाने फेकलेली गरम हवा शेजारचा उचलतो. चपला याही केंद्रांत बाहेरच राहिल्या. एसी मात्र प्रत्येक केंद्राला परवडला नाही.

या पिढीतल्या दुरुस्तीवाल्यांना पाठ झालेली गोष्ट म्हणजे एलजीए ७७५ सॉकेटचा इंटेलचा गोल पंखा. त्याला स्क्रू नसत, चार काळे प्लास्टिकचे पाय असत, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक खाच आणि एक बाण. कर्णावरचे दोन पाय एका वेळी दाबायचे, मग उरलेले दोन. 'टक' असा आवाज चार वेळा यायला हवा. एक पाय अर्धवट राहिला की ठोकळा केसभर उचललेला राही, पंखा मस्त फिरे, आणि प्रोसेसर तापून बंद पडे. काढताना पाय बाणाच्या दिशेने फिरवायचे. ते न कळल्यामुळे पक्कडीने ओढून मोडलेले पाय आणि त्यांच्या जागी बांधलेली तार किंवा केबल-टाय दुकानादुकानांत दिसत. आणि पंखा उचलल्यावर खाली सापडे ती धूळ नव्हे, तर पात्यांवर विणलेली राखाडी गोधडी. ती सलग उचलली जाई. ब्रशने वरवर झाडल्यास ती आणखी आत बसते, म्हणून पंखा ठोकळ्यापासून सोडवून मगच साफ करायचा असतो. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं.

पुढे उंच, मनोऱ्यासारखे हीटसिंक आले आणि पंख्याची दिशा हा खरोखरच निवडीचा विषय झाला. कंपनीचा मूळ पंखा बोर्डावर लंब फुंकतो, त्यामुळे आजूबाजूच्या वीजनियंत्रक भागांनाही वारा लागतो. मनोऱ्यावरचा पंखा बोर्डाला समांतर फुंकतो. तो रॅमच्या बाजूला लावायचा, म्हणजे पुढून आलेली हवा मनोऱ्यातून आरपार जाऊन मागच्या पंख्याच्या ओटीत पडते. उलटा लावला तर मागचा पंखा आणि हा, दोघे एकाच हवेसाठी रस्सीखेच करतात. दिशा ओळखायची खूण सोपी आहे: ज्या अंगाला आडव्या काड्या आणि कंपनीचा स्टिकर असतो तिकडे हवा निघते. काही पंख्यांच्या चौकटीवर दोन बारीक बाणही कोरलेले असतात, एक पातं फिरण्याचा आणि एक वाऱ्याचा. त्यांतला नको तो बाण पाहून फसणारे पुष्कळ. एएमडीच्या जुन्या सॉकेटांत आकडे दोनच बाजूंना असत, त्यामुळे बहुतेक बोर्डांवर मनोरा मागे तोंड करण्याऐवजी वर तोंड करून बसे. अशा वेळी वरच्या पत्र्यातला पंखा हवा बाहेर फेकणारा लावणं हाच मार्ग.

इकडे ही खटपट चालू असताना पुण्यात हवेच्या वाटेवर फार मोठ्या प्रमाणावर विचार होत होता. सी-डॅक ही सरकारी संस्था १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. पण जागेच्या दृष्टीने जास्त रंजक यंत्र म्हणजे टाटांच्या सीआरएल या कंपनीचा 'एका'. २००७ च्या नोव्हेंबरात तो जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत चौथा आला. त्याची कपाटं नेहमीच्या सरळ रांगांत न मांडता जवळपास वर्तुळात मांडली होती, केबलची लांबी आणि उष्णतेचा उतार दोन्ही लक्षात घेऊन. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये 'प्रत्युष'चं उद्घाटन झालं. तो क्रे एक्ससी-४० जातीचा, आणि त्यात हवा समोरून मागे न जाता रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आडवी वाहते. वाटेत प्रत्येक कपाटानंतर थंड पाण्याची जाळी, म्हणजे एका कपाटाने तापवलेली हवा पुढच्या कपाटात निवून शिरते. गावातल्या केंद्रात शेजाऱ्याची गरम हवा उचलणाऱ्या यंत्राला नेमकी हीच जाळी मिळत नाही. आयसर पुण्याच्या 'परम ब्रह्म'ने २०१९ मध्ये हवेची बरीच मध्यस्थी टाळून पाणीच चिपांजवळ नेलं.

२०२० च्या जुलैमध्ये पनवेलला योट्टाचं एनएम१ हे डेटा सेंटर सुरू झालं. रचना ७,२०० रॅक आणि ५० मेगावॅट भाराची. अशा इमारतीत रॅकांची तोंडं एकमेकांसमोर आणि पाठी एकमेकांकडे ठेवतात: एक गल्ली थंड हवेची, पुढची गरम हवेची, दोन्ही कधी मिसळू द्यायच्या नाहीत. २०२४ मध्ये इथे एनव्हिडिआच्या एच१०० चिपा आल्या. त्यांच्या मोठ्या अवतारातली एक चिप ७०० वॅटपर्यंत जाते, आणि तशा आठ चिपांचा एक खोका कमाल दहा किलोवॅटवर. त्याच तालुक्यात गारव्यासाठी आखलेली आख्खी इमारत आहे आणि पत्र्याखाली टेबलफॅन लावलेला गाळाही आहे.

गाळ्यातला संगणक आता नवा नसतो. कंपन्यांनी पाच-सात वर्षं वापरून काढलेले संच मुंबई-नवी मुंबईच्या बाजारातून 'रिफर्बिश्ड' म्हणून येतात आणि गावोगावच्या झेरॉक्स दुकानांत, सेवा केंद्रांत बसतात. त्यांतून एक विसरलेली कल्पना मागच्या दाराने आली. पेंटियम फोरच्या तापाला कंटाळून इंटेलने २००३ मध्ये बीटीएक्स ही रचना मांडली होती. प्रोसेसर अगदी पुढे, त्याच्या तोंडाशी मोठा पंखा, वर प्लास्टिकचा बोगदा, आणि बाहेरच्या ताज्या हवेचा पहिला घोट प्रोसेसरलाच. हवेच्या दृष्टीने ती एटीएक्सपेक्षा शहाणी होती. पण २००६ मध्ये ६५ वॅटचा कोअर टू आला, ताप उतरला आणि औषध कोणालाच नकोसं झालं. असेंबल करणाऱ्यांच्या हाती ही रचना जवळपास पडलीच नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७४५, ७५५, ७८० या कार्यालयीन यंत्रांत मात्र ती राहिली, आणि जुन्या मालाच्या लाटेत हीच यंत्रं तालुक्याच्या दुकानांत पोचली.

पहिल्या सफाईला बहुधा त्यातला बोगदा निघतो. तो निव्वळ झाकण वाटतो. काढला की आतलं सगळं दिसतं, हात पोचतो, म्हणून परत लावला जात नाही. मग पुढचा मोठा पंखा हवा फेकतो खरी, पण ती हीटसिंकला वळसा घालून निघून जाते. पंखा खराब झाला तर त्याची पिनही नेहमीच्या पंख्यांना जुळत नाही, म्हणून बाजारातला साधा पंखा टायने बांधून बाहेरून वीज दिली जाते. वारा मिळतो, पण मदरबोर्डाला आपल्या पंख्याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे सकाळी यंत्र चालू केलं की काळ्या पडद्यावर पंखा निकामी झाल्याची इंग्रजी सूचना येते आणि यंत्र तिथेच थांबतं. दुकान उघडणारा मुलगा ती न वाचताच एफ-वन दाबतो आणि पहिल्या गिऱ्हाइकाचा सातबारा काढायला घेतो.